मेजरचा नंबर, आपलं नाव

 

आज आधी एक प्रश्न विचारते. तुमच्यापैकी कुणाचे मालक, कुणाचे सासरे, कुणाचा मुलगा फौजेत होता किंवा आहे. त्यांचा सर्व्हिस नंबर तुम्हाला पाठ आहे का? मोबाईल नंबर विचारत नाहीये मी. फौजेतला नंबर. जो भरती झाल्यावर मिळतो, तो.

नसेल पाठ, तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

आपल्या शिरूर-दौंड भागात गावोगाव माजी सैनिक आहेत. माणूस नाईक म्हणून घरी आलेला असो नाही तर हवालदार म्हणून, गाव त्याला ‘मेजर’च म्हणतं. माझे सासरेही असेच मेजर. गटांच्या कामासाठी मी न्हावऱ्यात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर फिरते, तेव्हा प्रत्येक गटात एकदोघी तरी फौजीच्या घरातल्या निघतात. बचतीचं पासबुक त्यांना तोंडपाठ असतं. कर्जाचा हप्ता, व्याज, सगळं बोटावर. पण मालकांच्या पेन्शनचं विचारलं, की म्हणतात, “ते त्यांनाच माहीत.”

‘ते’ असतात तोवर ठीक आहे. नसतील तेव्हा काय?

यंदाच्या जानेवारीत आमच्या भागातले काही माजी सैनिक पुण्याला मेळाव्याला निघाले. १४ जानेवारी हा आपल्याला संक्रांतीचा दिवस म्हणून ठाऊक आहे. पण फौजेत त्या दिवसाला दुसराही मान आहे. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा साहेब १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले. त्यांची आठवण म्हणून हा दिवस माजी सैनिक दिवस म्हणून पाळतात. ठिकठिकाणी मेळावे होतात, जुने सोबती भेटतात, शहिदांना मानवंदना दिली जाते. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे पेन्शन, दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती यांच्या चौकशीसाठी तिथे टेबलं लावलेली असतात.

दरवर्षी बापे जातात, जेवून येतात, फोटो दाखवतात. यंदा गटाच्या बैठकीत मीच विषय काढला, की आपणही जायचं. लगेच अडचणी निघाल्या. संक्रांतीच्या दिवशी घर सोडून कसं जायचं? ववसायला कधी जायचं? एक मेजर म्हणाले, “बायका तिथं येऊन काय करणार?” माझ्या सासूबाई पटकन बोलल्या, “तुम्ही बॉर्डरवर होता तेव्हा इथं काय करत होतो, तेच करू. सगळं निभावून नेऊ.” त्यावर कुणी काही बोललं नाही.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या गटांत चार जणी अशा, ज्यांचे मालक आता नाहीत. त्यातल्या एक काकू म्हणाल्या, “माणूसच नाही तर मेळाव्याला कुठल्या तोंडानं जाऊ? आणि तेही संक्रांतीला, सवाष्णींच्या गाडीत?” आपल्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलवत नाहीत, आणि ती स्वतःहूनही लांब राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात १७ तारखेला राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. ठराव कागदावर झाला, पण गाडीत शेजारी बसायला जागा आपणच द्यायची असते. आम्ही त्या चौघींना सांगितलं, तुम्ही आला नाहीत तर गाडीच जाणार नाही.

सतरा सीटची ट्रॅव्हलर ठरवली. वर्गणी माणशी साडेचारशे. सहा मेजर आणि अकरा बायका. पहाटे सुगडं पुजली, तिळगूळ आणि बाजरीच्या भाकऱ्या बांधून घेतल्या आणि सातला निघालो. कारखान्याचा हंगाम, त्यामुळे तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत जावं लागलं. शिक्रापूरला मोठ्या रस्त्याला लागलो आणि कोरेगाव भीमाला पहिला थांबा घेतला.

तो स्तंभ आपण एसटीतून शंभर वेळा पाहिलेला असतो. उतरून किती जणींनी पाहिलाय? आमच्यातल्या सात जणींनी पाहिला नव्हता. आमच्या सोबतचे एक मेजर महार रेजिमेंटचे. त्यांनी तिथे उभं राहून सगळं सांगितलं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनी सरकारची पलटण निघाली ती आपल्या शिरूरहून. तिथे तेव्हा इंग्रजांची छावणी होती. आठशेच्या आसपास माणूस. रात्रभर चालून सकाळी ते भीमेच्या काठी पोचले, तर समोर दुसऱ्या बाजीरावाची मोठी फौज. १ जानेवारी १८१८ चा पूरा दिवस लढाई चालली. ना पोटात अन्न, ना प्यायला पाणी. कंपनीच्या बाजूची पावणेतीनशे माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. १८२१ मध्ये या स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर मेलेल्या ४९ शिपायांची नावं आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार समाजातले शिपाई. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे येऊन गेले. ज्यांना गावात सावलीलाही उभं करत नव्हते, त्यांचं शौर्य दगडावर लिहिलेलं आहे, हे त्यांनी लोकांना दाखवलं. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा सुरुवातीला तिच्या बिल्ल्यावर हाच कोरेगावचा स्तंभ होता. हे सांगताना मेजरांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मग आमच्यातल्या एका तरुण सुनेने विचारलं, “यांच्या बायकांचं पुढं काय झालं असेल हो?”

मेजर जरा थांबले. म्हणाले, “ते काय दगडावर लिहिलेलं नाही.”

मैत्रिणींनो, त्या मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यात दिवसभर राहिला. शिपायाचं नाव राहिलं, तेही थोड्यांचं. घरी वाट बघणारीचं नाव कुठेच नाही.

तिथून वाघोलीमार्गे पुण्यात पोचलो. घोरपडीला राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. १९९८ मध्ये ते खुलं झालं आणि ते नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं आहे. आपल्याला वर्गणीची किंमत कळते, म्हणून हे मुद्दाम सांगते. तिथे कारगिलच्या लढाईत वापरलेलं मिग विमान ठेवलंय. महाराष्ट्रातल्या शहीद जवानांची नावं तिथे कोरलेली आहेत. आम्ही सगळ्यांनी नावं वाचली, हात जोडले.

आमच्या त्या काकू बाजूला जाऊन उभ्या होत्या. मी जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, “आमच्या यांचं नाव इथं असायचं नाही. ते लढाईत गेले नाहीत. घरीच गेले, आजारानं.”

खरंच आहे. सतरा-अठरा वर्षं बर्फात नाही तर वाळवंटात काढून, धड घरी येऊन, पुढे म्हातारपणात किंवा आजारात गेलेल्या फौजीचं नाव कुठल्याच स्तंभावर नसतं. ते एकाच ठिकाणी असतं. त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. आणि त्याच्या पुढे बायकोचं नाव लिहिलेलं असतं. आपला स्तंभ म्हणा, काय म्हणा, तो एवढाच. म्हणून ते नाव बरोबर लिहिलंय का, हे बघायला हवं.

मेळाव्यात बापे लोक आपल्या सोबत्यांना शोधायला लागले. वीस-वीस वर्षांनी भेटलेली माणसं नाव विसरली होती, पण एकमेकांना नंबर सांगून ओळख देत होती. मिठ्या काय, शिव्या काय, डोळे पुसणं काय! ज्या मेजरांनी “बायका येऊन काय करणार” म्हटलं होतं, तेच आपल्या जोडीदाराला मालकीणबाईंची ओळख करून देत होते, “ही होती म्हणून घर राहिलं.” चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं, असं त्या बाईंनी नंतर मला सांगितलं.

आम्ही बायका चौकशीच्या टेबलांकडे गेलो. काकूंची गोष्ट इथे सांगते, कारण ती आपल्या कुणाचीही होऊ शकते. त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी गेले. काकूंचं कुटुंब निवृत्तिवेतन अजून सुरू झालेलं नव्हतं. एका बँकेत खेटे घालून घालून त्या दमल्या होत्या. दर वेळी एकच उत्तर, “नाव जुळत नाही.” कोणतं नाव, कुठे जुळत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. टेबलावरच्या निवृत्त सुभेदारांनी डिस्चार्ज बुक उघडलं आणि पाच मिनिटांत बोट ठेवलं. लग्नानंतर सासरी काकूंचं नाव बदललं होतं. मालकांनी फौजेत ते सासरचं नाव लिहिलं. आणि आधार कार्ड निघालं ते शाळेच्या दाखल्यावरून, माहेरच्या नावानं. बाई एक, नावं दोन. सरकारच्या लेखी ती बायको नव्हेच!

लग्नात तांदळात अंगठीनं नाव लिहितात, आपण हसतो, उखाणा घेतो. ते नाव असं तीस-चाळीस वर्षांनी आडवं येतं.

सुभेदार साहेबांनी कागद सांगितले. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, आधार, मृत्यूचा दाखला, आणि सोबत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. अर्जासाठी पुण्यातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यायची. काकूंचा अर्ज गेला. मध्ये रेकॉर्ड ऑफिसचं उत्तरही आलं, अजून एक कागद मागितलाय, तोही पाठवला. काम पूर्ण झालेलं नाही, पण अडलंय कुठे हे आता त्यांना ठाऊक आहे. आता त्या कुठल्याही खिडकीवर हात जोडून उभ्या राहत नाहीत, फाईल उघडून उभ्या राहतात.

परतीच्या वाटेवर वढू बुद्रुकला गेलो, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीला. १६८९ च्या मार्च महिन्यात औरंगजेबाने महाराजांना हाल करून मारलं, हे आपल्या पोरासोरांनाही माहीत आहे. पण येसूबाईंचं आपण किती बोलतो? नवरा असा गेला, पदरी लहान शाहू, आणि रायगडाला वेढा पडत होता. त्या वेळी त्यांनी दीर राजाराम महाराजांना गडाबाहेर सुरक्षित जाऊ दिलं आणि स्वतः गडावर मागे राहिल्या. गड पडला आणि त्या लेकासह मोगलांच्या कैदेत गेल्या. सुटल्या १७१९ मध्ये. जवळजवळ तीस वर्षं कैद! एवढ्या खंबीर बाईची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संभाजी महाराज मोहिमेवर असताना कारभार पाहायला येसूबाईंचा स्वतःचा शिक्का होता. ‘श्री सखी राज्ञी जयति’. म्हणजे तिच्या शिक्क्याच्या कागदाला राज्यात किंमत होती. सव्वातीनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका सैनिकाच्या बायकोचं नाव कागदावर चालत होतं, आणि आज आपण म्हणतो, “ते त्यांनाच माहीत”?

समाधीच्या बाहेर आम्ही तिळगूळ वाटला. सासूबाईंनी पहिला तिळगूळ काकूंच्या हातावर ठेवला आणि वाण दिलं. वाण काय होतं सांगू? प्लॅस्टिकची फाईल, आत दहा कप्पे. गटानं घाऊक आणल्या होत्या, तीस रुपयाला एक. सवाष्ण असो, विधवा असो, अकराही जणींना तीच.

गाडीत बसल्यावर मी सगळ्यांना सुरुवातीचा प्रश्न विचारला. नंबर कुणाला पाठ आहे? अकरांपैकी एकीला. मग मेजर लोकांना विचारलं, तर सहाच्या सहा जणांनी झोपेतून उठवल्यासारखा खडाखडा नंबर म्हटला. न्हावरं येईपर्यंत आम्ही पाढे पाठ करावेत तसे ते नंबर पाठ केले. हसून हसून पोट दुखलं. पण गाव आलं तेव्हा आठ जणींना येत होता.

आता त्या फाईलीत काय काय ठेवायचं ते सांगते. कागद-पेन घ्या, नाही तर पोरीला लिहायला सांगा.

पहिल्या कप्प्यात डिस्चार्ज बुक. मूळ प्रत जपून, हाताशी झेरॉक्स. दुसऱ्यात पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम. त्यात तुमचं नाव आणि जन्मतारीख लिहिलेली आहे का, ते वाचा. नसेल, तर मालक हयात असतानाच अर्ज करून घ्या. त्यांची एक सही आज जे काम करते, ते उद्या दहा प्रतिज्ञापत्रांनी होत नाही. तिसऱ्यात दोघांचं आधार आणि पॅन. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि पासबुक हे चारही शेजारी ठेवा आणि आपलं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. ‘बाई’ आहे की नाही, हेसुद्धा बघा. चौथ्यात पासबुक. पेन्शनचं खातं दोघांच्या नावानं असेल तर पुढे नवं खातं काढावं लागत नाही. पाचव्यात लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले. सहाव्यात ईसीएचएसचं कार्ड. माजी सैनिकांची ही दवाखान्याची योजना २००३ पासून आहे, त्यात बायकोचंही कार्ड निघतं.

पेन्शन आता ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. त्याचा युजर आयडी आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर एका कागदावर लिहून फाईलीत ठेवा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावाच लागतो, नाही तर पेन्शन थांबते. तो गावाजवळच्या सीएससी केंद्रात निघतो, मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. मात्र “पेन्शन खात्यातून बोलतोय” म्हणून फोन आला आणि ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्यायचा.

आणखी एक. निवृत्तीनंतर फौजी वारला, तर सर्वसाधारण नियमाने पत्नीला सुरुवातीला शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम धरून पेन्शन मिळते. सात वर्षं, किंवा मालकांचं वय सदुसष्ट झालं असतं तोवर, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत. त्यानंतर ती तीस टक्क्यांवर येते. हे आधी माहीत असलं, की रक्कम कमी झाली म्हणून घाबरायला होत नाही, आणि त्या बेतानं कर्ज काढता येतं. ही गटाच्या कामाची गोष्ट आहे.

मुलं उच्च शिक्षण घेत असतील तर माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. निवड झालेल्या मुलीला महिना ३,००० रुपये आणि मुलाला २,५०० रुपये. मुलीला जास्त, हे लक्षात ठेवा! आणि २०२० पासून राज्यात माजी सैनिकाच्या किंवा त्यांच्या विधवा पत्नीच्या एका घराची घरपट्टी माफ करण्याची योजना आहे. ग्रामपंचायतीत विचारा. लाजू नका. हे कुणी उपकार करत नाही.

आमच्या मेजर लोकांनी परतीच्या प्रवासात एक नाव सांगितलं, यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, दुसऱ्या महायुद्धात, एकट्यानं शत्रूच्या ठाण्यावर चालून जाऊन ते पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आला. सातासमुद्रापार पडलेल्या नवऱ्याचा मान घ्यायला एक खेड्यातली बाई दिल्लीपर्यंत गेली. आपल्याला पुण्यापर्यंत जायला काय हरकत आहे?

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्याच्या गट बैठकीत एवढं करा. तुमच्या गटात फौजीच्या घरातल्या किती जणी आहेत, त्यांची नावं लिहा. ज्यांचे मालक नाहीत, त्यांची आधी. प्रत्येकीच्या चार कागदांवरचं नाव ताडून पाहा. जिचं जुळत नसेल, तिच्यासोबत सैनिक कल्याण कार्यालयात दोघी जणी जा. एकटीला पाठवू नका. पुढच्या १४ जानेवारीच्या मेळाव्याला गाडी ठरवायची असेल तर वर्गणी आतापासून काढा, महिना चाळीस रुपये पुरतात. वाटेत आपल्या रस्त्यावरचा इतिहास उतरून पाहा, मुलींना दाखवा. आणि हळदीकुंकवाच्या यादीत कुणाचं नाव राहिलंय, तेही एकदा पाहा.

आज रात्री जेवणं झाली की मालकांना, नाही तर सासऱ्यांना एवढंच विचारा, “मेजर, नंबर काय तुमचा?” ते लगेच सांगतील. तुम्ही लिहून घ्या.

नमस्कार.